बटाव्हियाच्या कोंबड्या

जीवशास्त्राची ओळख करून देताना मी पेशीपासून सुरुवात करत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी आधी बटाव्हियाच्या कोंबड्यांची हकिगत सांगतो. पेशीची आकृती पाठ करता येते. पण एखादी गोष्ट खरी आहे हे माणसाला कळलं कसं, हे विचारायची सवय आकृतीतून लागत नाही.

बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता. १८८०च्या दशकात तिथल्या डच वसाहतीत सैनिक आणि कैदी बेरीबेरीने मरत होते. पाय लुळे पडत, अंगावर सूज चढे, हृदय दुबळं होई. पाश्चर आणि कॉख यांच्या कामामुळे रोग म्हटला की जंतू शोधायचा, असा तो काळ होता. १८८६मध्ये हॉलंडहून आलेल्या समितीनेही जंतूच शोधला. समिती परतली आणि ख्रिस्तियान आइकमन हा कॉखच्या हाताखाली शिकलेला तरुण लष्करी डॉक्टर तिथली प्रयोगशाळा सांभाळायला मागे राहिला.

त्याने काही कोंबड्यांना संशयित जंतू टोचले. काही काळाने त्या झोकांड्या खाऊ लागल्या. गृहीतक खरं ठरलं असं वाटावं, असा हा क्षण. पण तुलनेसाठी त्याने काही कोंबड्यांना काहीच टोचलं नव्हतं, आणि त्याही झोकांड्या खात होत्या! माझ्या मते या हकिगतीचा गाभा इथेच आहे. त्या न टोचलेल्या कोंबड्या नसत्या, तर चुकीचं उत्तर पुराव्यानिशी सिद्ध झालं असतं.

पुढे सगळ्याच कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. आइकमनने चौकशी केली. मधले काही महिने त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला आणि त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला. मग त्या साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या होत्या. योगायोग हाती लागला; पण आइकमन त्यावर विसंबला नाही. त्याने मुद्दाम पांढरा तांदूळ खाऊ घालून कोंबड्या आजारी पाडल्या आणि कोंडा देऊन बऱ्या केल्या.

कोंबडी म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच होता. माणसांवर असा प्रयोग करणं अमानुष. तेव्हा आडोल्फ फोर्डरमन या आरोग्य अधिकाऱ्याने जावाचे तुरुंग पाहिले. कुठला तांदूळ शिजवायचा हे तिथे स्थानिक रिवाजावर ठरे. पांढरा तांदूळ देणाऱ्या ५१ तुरुंगांपैकी ३६मध्ये बेरीबेरी होती. कोंड्यासह तांदूळ देणाऱ्या ३७पैकी फक्त एकात. इमारत किती जुनी, हवा खेळती आहे का, दाटी किती, हेही त्याने तपासलं. त्यांचा रोगाशी संबंध दिसला नाही. दुसरी संभाव्य कारणं अशी स्वतःहून शोधून तपासणं मला आकड्यांइतकंच मोलाचं वाटतं.

तरीही आइकमनचं स्पष्टीकरण चुकलं. तांदळाच्या पिठूळ भागात विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा, असं त्याला वाटे. त्याच्यामागून आलेल्या गेरिट ग्राइन्सने कोंबड्यांना खूप तापवलेलं मांस दिलं. त्यात पिठाचा अंश नव्हता, तरी त्या आजारी पडल्या. मग विष आलं कुठून? उलट, मूग दिले की त्या सुधारत. १९०१मध्ये त्याने मांडलं, की रोग काही पोटात गेल्यामुळे नव्हे, तर काही न मिळाल्यामुळे होतो. अभावही कारण असू शकतो, हे मान्य करणं त्या जंतूंच्या युगात फार अवघड होतं. तो पदार्थ म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. १९२६मध्ये यान्सन आणि डोनाट यांनी त्याच प्रयोगशाळेच्या परंपरेत ते कोंड्यातून शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. १९२९च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा आइकमनला मिळाला. ग्राइन्सचं नाव त्यात नव्हतं, याची मला आजही खंत वाटते.

हकिगत संपली की मी मुलांना कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ दाखवतो. भात तुसासकट उकडला की थायमिन दाण्यात मुरतं आणि नंतर कोंडा काढला तरी बरंचसं टिकतं. हे माझ्या सांगण्यावरून मानू नका, असं त्यांना बजावतो. तपासायला कोंबड्यांचे किती गट लागतील, कुणाला काय खायला घालाल आणि कुठला निकाल आला तर मी चुकलो असं म्हणाल, ते वहीत लिहून आणायचं असतं.