बाटलीवरची मींड

१९६८च्या नोव्हेंबरात अमेरिकन गिटारवादक ड्यूएन ऑलमन बावीस वर्षांचा झाला, तेव्हा तो घोड्यावरून पडून, हात दुखावून घरी बसला होता. त्यात सर्दी. सगळा राग धाकट्या भावावर, ग्रेगवर. ग्रेगने दाराशी दोन भेटी ठेवल्या, दार वाजवलं आणि धूम ठोकली. एक होती ताजमहाल असं नाव घेतलेल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाची रेकॉर्ड, दुसरी ‘कोरिसिडिन’ या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली. ड्यूएनने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुऊन काढलं, बाटली अनामिकेत चढवली आणि गिटारच्या तारांवरून फिरवायला लागला. हा किस्सा ग्रेगनेच आत्मचरित्रात सांगितलाय, तेव्हा त्यात थोडा मीठमसाला असेल असं धरून चालावं. पण पुढच्या तीन वर्षांत त्या बाटलीने काय केलं, ते रेकॉर्डवर ऐकू येतं.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. बोटाने तार दाबली की सूर त्या पट्टीशी जखडला जातो. काच मात्र तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाही. मग पट्ट्यांचा धाक उरत नाही आणि सूर हवा तिथून हवा तिथे सरकतो. सरोद ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतलं कंट्री आणि सदर्न रॉक मला आवडलं ते या मींडेमुळे. शब्द फार नंतर कळले. अलाबामाच्या उच्चारातले काही तर अजूनही निसटतात.

खरं तर कान आधीच तयार झाला होता, डोंबिवलीच्या घरी. वडिलांकडे सुनील गांगुलींच्या रेकॉर्ड होत्या. हिंदी सिनेमाची गाणी, गायक नाही, नुसती हवाईयन गिटार. पाहुणे आले की ती लागायची आणि कुणीच ती लक्ष देऊन ऐकायचं नाही. ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जन्मली. तिचं श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकूला देतात. तिथून तिला दोन वाटा फुटल्या. टाऊ मोसारखे हवाईयन वादक १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिले, शिकवत राहिले, आणि ती आपल्याकडे रुजली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसादांबरोबर ब्रिजभूषण काब्रा वाजवतात ती तिचीच भारतीय लेक. दुसरी वाट त्याआधीच अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचली होती. तिथे तिचं नाव पडलं स्टील गिटार, आणि पुढे कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये तिच्याशिवाय गाण्याचं पान हलेना.

कंट्री गायक हँक विल्यम्सचं ‘युअर चीटिंग हार्ट’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणूनच दचकलो. हे तर घरातलंच वाद्य! वाजवणारा डॉन हेल्म्स. हँक खालच्या पट्टीत रेंगाळत असला की हेल्म्स वरच्या सप्तकात शिरतो, ओळ संपता संपता एक बारीक हुंदका देतो आणि बाजूला होतो. गायकाच्या जागा अडवायच्या नाहीत, त्याने मोकळ्या सोडलेल्या जागा भरायच्या, हे आपल्याकडच्या चांगल्या हार्मोनियमवाल्याचं शहाणपण त्याच्याकडे होतं. ते रेकॉर्डिंग २३ सप्टेंबर १९५२चं, हँकचं शेवटचं. १ जानेवारी १९५३ला, ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना, गाडीच्या मागच्या सीटवर तो मेला. वय एकोणतीस. गाणं गाजलं ते त्यानंतर.

कंट्रीचं दुसरं दार आमच्याच मजल्यावर होतं. समोरच्या बिऱ्हाडातले अंकल मूळचे बारदेशचे, आणि त्यांच्याकडे रविवारी जेवणाआधी जिम रीव्ह्ज लागायचा. गोवा, वसई, वांद्रे इथल्या ख्रिस्ती घरांत रीव्ह्ज जितका ऐकला गेला, तितका त्या काळचा क्वचितच दुसरा कुणी अमेरिकन गायक ऐकला गेला असेल. त्याच्या नाताळच्या गाण्यांची रेकॉर्ड तर डिसेंबरात ठरलेलीच. ‘ही’ल हॅव टू गो’मध्ये तो मायक्रोफोनच्या इतका जवळ गातो की कानाशी फोन धरल्यासारखं वाटतं, आणि गाणंही फोनवरच्या संभाषणाचंच आहे. निर्माता चेट ॲटकिन्स. त्याने आणि नॅशव्हिलमधल्या इतर काहींनी गावरान फिडल मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस आणला, कंट्रीला सूट-बूट चढवला. जुन्या रसिकांना हे अजून खटकतं. मलाही बरंचसं गुळगुळीत वाटतं, फक्त रीव्ह्जला मी सूट देतो. तो ३१ जुलै १९६४ला नॅशव्हिलजवळ विमान कोसळून गेला, स्वतःच चालवत असलेलं.

पुढे अटलांटाला नोकरी लागली आणि ड्यूएन-ग्रेगच्या ऑलमन ब्रदर्स या बँडचं मेकन हे गाव गाडीने दीड तासावर आलं. जॅक्सनव्हिलमध्ये १९६९ला जमलेली ही मंडळी तिथे गेली, कारण फिल वॉल्डनची कॅप्रिकॉर्न ही कंपनी तिथे होती. सहा जण: दोन गिटार, एक बास, ऑर्गनवर ग्रेग आणि चक्क दोन ड्रमर. त्यातला ड्रमर जेमो काळा, बाकी पाच गोरे, आणि हे सगळे एकाच घरात राहायचे. १९६९च्या जॉर्जियात लोक वळून वळून बघत. खिशात पैसे नव्हते तेव्हा लुईझ हडसन या काळ्या बाईंनी आपल्या ‘एच अँड एच’ खानावळीत त्यांना जेवू घातलं. पोरं दोन ताटं मागवून वाटून खायला लागली, तर प्रत्येकासमोर स्वतंत्र ताट आलं. पुढे नाव झाल्यावर बँडने मामा लुईझना दौऱ्यावरही नेलं.

मेकनला रोझ हिल नावाची जुनी दफनभूमी आहे. ओकमल्गी नदीकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर ओक वृक्ष, खालून रेल्वेचे रूळ. बँडची मंडळी रात्री इथे येऊन बसायची, वाजवायची, आणि काय काय ओढायची. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ हे बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्सचं शब्दांविना गाणं इथल्याच एका थडग्यावरचं नाव घेऊन आलं. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या त्या बाईंचा त्या सुरावटीशी काडीचा संबंध नाही. बेट्सला खऱ्या नायिकेचं नाव लपवायचं होतं, कारण ती दुसऱ्याच एका संगीतकाराची मैत्रीण होती! ड्यूएन आणि बासवादक बेरी ओकलीही आता तिथेच आहेत, शेजारी शेजारी. ड्यूएन २९ ऑक्टोबर १९७१ला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. ओकली पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला, तोही मोटरसायकलवर, त्या जागेपासून काही चौक अलीकडे. दोघेही चोविशीचे.

त्यांची ‘ॲट फिल्मोर ईस्ट’ ही रेकॉर्ड १९७१च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मैफलींत ध्वनिमुद्रित झाली. मुखपृष्ठावरची विटांची भिंत मात्र मेकनची. फोटोत सगळे खदखदून हसताहेत, कारण ड्यूएन मधेच पळत जाऊन ओळखीच्या माणसाकडून अमली पदार्थाची पुडी घेऊन आलाय आणि ती मुठीत लपवून साळसूदपणे बसलाय. नीट पाहिलं तर मूठ दिसते.

या रेकॉर्डवरचं ‘व्हिपिंग पोस्ट’ जवळजवळ तेवीस मिनिटांचं आहे. ग्रेगने ते अंधारात सुचताच, कागद न सापडल्याने, काडेपेटीच्या जळक्या काड्यांनी इस्त्रीच्या फळीवरच्या कापडावर लिहून काढलं होतं. सुरुवात एकट्या ओकलीच्या बासने होते आणि पाश्चात्त्य श्रोता तिथेच अडखळतो, कारण ठेका अकरा मात्रांचा आहे: तीन, तीन, तीन, दोन. ग्रेगला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. थोरल्या भावाने मोजून सांगितल्यावर तो चकित झाला. मी मात्र गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर बोटांनी मोजलं आणि चौथ्या आवर्तनाला समेवर आलो. फुशारकी नाही, ज्याने लहानपणी तबल्याच्या क्लासमध्ये मार खाल्लाय त्या कुणालाही जमेल. कौतुक पुढच्या भागाचं. गाणं सोपा ठेका धरतं, दोन्ही गिटार आळीपाळीने सवाल-जवाब करतात, मग सगळं विझत विझत जवळजवळ थांबतं आणि ड्रमवाले नुसती कुजबुज करत राहतात. ड्यूएन आणि जेमो तेव्हा जॅझमधले जॉन कोल्ट्रेन आणि माइल्स डेव्हिस पारायण केल्यासारखे ऐकत होते. एकाच स्वरसमूहात मुक्काम ठोकून बढत करत राहायचं, हे त्यांनी तिथून उचललं. आपल्या कानाला ते ओळखीचं वाटतं.

ही ओळख पुढे उघडउघड झाली. ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक १९९९मध्ये बँडमध्ये आला. हा मुलगा कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजमध्ये शिकून आलेला. त्याच्या २००६च्या ‘साँगलाइन्स’वर नुसरत फतेह अली खानांची ‘साहिब तेरी बंदी’ आहे, फ्लॉरिडाच्या गिटारवर. तो नखी वापरत नाही, उघड्या बोटांनी छेडतो आणि सुरावर थेट न उतरता खालून सरकत येतो. सरोदप्रेमी मामाला मी हे ऐकवलं. मामाने डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, “पोरगा छान आहे रे, पण त्या ड्रमवाल्याला जरा हळू वाजवायला सांगता येणार नाही का?”

आता लिनर्ड स्किनर्ड. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. हाही जॅक्सनव्हिलचाच बँड. नाव लांब केसांवरून पोरांना छळणाऱ्या लेनर्ड स्किनर या पी.टी.च्या मास्तरांचं विडंबन. ‘फ्री बर्ड’च्या शेवटची गिटारची धुमश्चक्री ऐकून अंगावर काटा आला नाही असा सदर्न रॉकचा चाहता मला भेटलेला नाही. पण त्यांच्या मंचामागे वर्षानुवर्षं तो झेंडा होता: गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा. सुरुवातीला तो रेकॉर्ड कंपनीने लावला, असं बँडचे लोक सांगत. २०१२मध्ये बँडचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टनने तो आता वापरत नाही असं जाहीर केलं, चाहते खवळले, आणि लगेच सारवासारव झाली.

‘स्वीट होम अलाबामा’ लिहिणाऱ्या तिघांपैकी अलाबामाचा एकही नाही: दोघे फ्लॉरिडाचे, एक कॅलिफोर्नियाचा. दक्षिणेच्या वंशद्वेषावर बोट ठेवणाऱ्या गायक नील यंगला दिलेलं ते उत्तर. गाण्यात वंशभेदवादी गव्हर्नरचा उल्लेख आला की मागून हुर्यो उडवल्याचा आवाज येतो. हा निषेध की पळवाट, यावर अटलांटाच्या ऑफिसात आमची कितीदा तरी जुंपली. १९७४च्या त्याच रेकॉर्डवर ‘द बॅलड ऑफ कर्टिस लो’ आहे. दारिद्र्यात मेलेल्या एका काळ्या ब्लूज वादकाला बँडचा गायक रॉनी व्हॅन झँटने त्यात सर्वश्रेष्ठ म्हटलंय. कर्टिस लो काल्पनिक. पण हँकला शिकवणारा रूफस ‘टी-टॉट’ पेन खरा होता, रस्त्यावर वाजवून पोट भरणारा काळा माणूस. कंट्री गाणाऱ्या कार्टर कुटुंबाच्या ए. पी. कार्टरबरोबर डोंगरदऱ्यांत गाणी गोळा करत हिंडणारा, ऐकलेली चाल डोक्यात ठेवणारा लेस्ली रिडलही काळाच. रेकॉर्डवर या दोघांची नावं नव्हती.

रॉनी २० ऑक्टोबर १९७७ला मिसिसिपीत विमान पडून गेला. इंधन संपलं होतं. तीनच दिवसांपूर्वी आलेल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर तो ज्वाळांमध्ये उभा आहे, अंगात नील यंगचा टी-शर्ट. नंतर कंपनीने ज्वाळा काढून टाकल्या. टी-शर्टवाला तो फोटो मी जपून ठेवलाय. झेंडा छापलेली टोपी मित्रांनी एका वाढदिवसाला दिली होती, ती दुकानात परत करून हेल्म्सची रेकॉर्ड आणली.