अश्वपरीक्षा

शाळेत नलोपाख्यान शिकविताना त्यातील एक प्रसंग आम्हांस विशेष प्रिय असे. ऋतुपर्ण राजास एका दिवसात विदर्भ गाठावयाचा असतो, आणि बाहुक या नावाने त्याच्या पदरी राहिलेला नल तबेल्यातून नेमके कृश घोडे निवडून काढतो. हे हडकुळे प्राणी एवढा लांबचा पल्ला कसे गाठणार, म्हणून राजा रागावतो. नल म्हणतो, हेच पोहोचवतील. महाराजांच्या मनात दुसरे असतील तर सांगावे, ते जोडतो. पुढे वाटेत राजाकडून नलास द्यूताचे मर्म कळते व त्याच्या मोबदल्यात राजास अश्वविद्या मिळावयाची असे ठरते. अश्वविद्या आणि द्यूतविद्या यांची ही अदलाबदल आम्ही वर्गात नेहमी घाईने उरकीत असू. त्याचे कारण घरगुती होते.

आमचे थोरले बंधू मुंबईस नोकरीला असत. हंगाम सुरू झाला की रविवारी त्यांचे पाय महालक्ष्मीच्या मैदानाकडे वळत. वहिनींच्या पाटल्या गेल्या, मागोमाग गोठ गेले. संध्याकाळी घरी येऊन दादा टोपी खुंटीला लावीत आणि म्हणत, "थोडक्यात हुकलं." दादांच्या मागे वहिनी मुलांना घेऊन आमच्याकडेच राहिल्या. तेव्हापासून 'शर्यत' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारीत नाही. ससा-कासवाची गोष्टसुद्धा बेताबेतानेच सांगितली जाते.

दादांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त लिव्हरपूल येथे असतो. त्या शहरालगतच्या एनट्रीच्या मैदानावर १८३९ पासून ग्रँड नॅशनल नावाची अडथळ्यांची शर्यत होत आली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा फोन आला. "काका, इथे ऑफिसात सगळेच एकेका घोड्यावर थोडे पैसे लावतात. तुम्ही अभ्यास करून एक नाव सांगा ना." आम्ही त्यास रागे भरावयास हवे होते. परंतु 'अभ्यास करून' हे दोन शब्द निवृत्त शिक्षकाच्या कानास फार गोड लागतात. "पाहतो," एवढेच आम्ही म्हणालो, आणि वहिनींपाशी चकार शब्द काढला नाही.

अभ्यास मात्र मनापासून केला. पल्ला सुमारे सव्वाचार मैलांचा, म्हणजे सात किलोमीटरांस किंचित कमी. मैदानाचे दोन फेरे आणि एकंदर तीस उड्या. मैल-दीड मैलाच्या सपाट शर्यतीत वेग पाहावा. येथे वेगाचा गर्व असलेला घोडा पहिल्या फेऱ्यातच आपले भांडवल उधळून बसतो. सबब तीन मैलांहून लांब पल्ल्यावर ज्यांनी काही करून दाखविले नव्हते, त्यांची नावे आम्ही प्रथम खोडली. मग वय पाहिले. १९४० नंतर थेट २०२२ पर्यंत सात वर्षांच्या घोड्यास ही शर्यत साधली नव्हती. २०२२ साली नोबल यीट्सने तो नियम मोडला खरा, तरी आम्ही आठ ते अकरा हेच वय धरले.

खरी मेख आहे ती वजनाची. गुणी घोड्याच्या पाठीवर अधिक भार आणि सामान्याच्या पाठीवर कमी, असा येथील न्याय आहे. १९७३ साली क्रिस्प हा घोडा बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो, घेऊन धावला. शेवटच्या अडथळ्यापर्यंत तो कितीतरी पुढे होता. मागून येणाऱ्या रेड रमच्या पाठीवर त्याहून २३ पौंड कमी होते. शेवटच्या सरळ वाटेवर क्रिस्पचे पाय वेडेवाकडे पडू लागले, आणि पाऊण लांबीने तो हरला. ते चित्रण आम्ही चार वेळा पाहिले. पहिल्या आलेल्या मुलाच्या डोक्यावर घरची मंडळी आणखी दोन परीक्षांचे ओझे ठेवतात, तशी काही मुले आमच्या डोळ्यांपुढे आली. मात्र रेड रमचे यश नुसत्या हलक्या वजनाचे म्हणावे तर पुढच्याच वर्षी तोही बारा स्टोन घेऊन जिंकला. म्हणजे हा नियमही लंगडाच.

आणि दैव? १९२८ साली ४२ घोडे सुटले, दोनच पोहोचले. १९६७ साली स्वाराविना धावणारा एक घोडा तेविसाव्या अडथळ्यापाशी आडवा गेला, सारा कळप तेथे अडकला, आणि फार मागे राहिलेला फॉइनव्हॉन त्यातून वाट काढून जिंकला. त्याचा भाव एकास शंभर होता! अर्थात हे दाखले आता पूर्वीइतके लागू पडत नाहीत. अडथळ्यांतील लाकडी गाभा काढून तेथे मऊ गाभा घातला गेला. २०२४ पासून घोडे चाळिसांऐवजी चौतीस केले, आणि ते भरधाव येऊन आदळू नयेत म्हणून पहिला अडथळा साठ यार्ड अलीकडे आणला. हे सर्व तोलून आम्ही नाव काढले कोरॅक रॅम्बलरचे. वय दहा, आदल्याच वर्षीचा विजेता. आम्ही ते नाव पुतण्यास कळविले, तेव्हा बोर्डात आलेल्या विद्यार्थ्याचे नाव वाचून दाखवावे तसा आमचा आवाज चढला होता.

१३ एप्रिलच्या रात्री साडेआठ वाजता खोलीचे दार लोटून आम्ही फोनवर शर्यत पाहावयास बसलो. पुतण्या तिकडून दाखवीत होता. घोडे सुटले आणि वहिनी दुधाचा पेला घेऊन आत आल्या. पहिलाच अडथळा, तोच साठ यार्ड अलीकडे आणलेला. कोरॅक रॅम्बलर पलीकडे उतरताना डगमगला आणि त्याचा स्वार जमिनीवर आला. पुढे आय ॲम मॅक्सिमस जिंकला. बत्तिसांपैकी एकवीस शेवटास पोहोचले. आमचे लक्ष कशातच नव्हते.

"थोडक्यात हुकलं, काका," फोनमधून आवाज आला.

तिसांपैकी पहिला अडथळा, आणि म्हणे थोडक्यात! वहिनींच्या हातातील पेला हिंदकळला. किती लावले होते, असे आम्ही विचारले. दोनशे पौंड. ऑफिसातील इतर दहा-दहा लावीत, "पण तुम्ही सांगितलंत, म्हणून." वीस हजारांहून अधिक रुपये आमच्या एका शब्दावर गेले होते.

वहिनींनी घोड्यास लागले का, एवढेच विचारले. तो धड आहे असे कळल्यावर पेला मेजावर ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांनाही पहिलं नाव कुणीतरी शहाण्यानंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुतण्यास चार पाने पत्र लिहिले. त्यात उपदेश फारसा नव्हता. आमची चूक मात्र सविस्तर लिहिली होती. उत्तरात त्याने पुन्हा पैसे लावणार नाही असे कळविले. दादांचीही अशी पत्रे वहिनींच्या पेटीत आहेत, म्हणून आम्ही ते त्यांना दाखविले नाही.

२०२५ साली त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. पण अभ्यासाची खोड जात नाही. घोड्यांची यादी मिळवून आम्ही एक नाव चिठ्ठीवर लिहिले व पंचांगात ठेवून दिले. ते नाव आय ॲम मॅक्सिमसचे होते. सर्वांत जड वजन, अकरा स्टोन बारा पौंड, त्याच्याच पाठीवर होते, तरीही. ५ एप्रिलच्या रात्री निकाल पाहिला. निक रॉकेट पहिला, आमचा घोडा दुसरा.

"थोडक्यात..." एवढे आमच्या तोंडून निघून गेले. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावीत होत्या, तो आवाज एकदम थांबला. आम्ही पंचांग मिटून फळीवर ठेवले.