जुन्या फियाटचे स्टिअरिंग

आपल्या घरातील आजोबांनी जुन्या फियाटचे तडकलेले स्टिअरिंग दुरुस्तीस घेतले असेल, तर त्यांना अडवू नका. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात घडवलेली ही गाडी. गिअरचा दांडाही स्टिअरिंगलगतच. बाजारात मिळालेले चाक त्याच गाडीचे आहे का, हे रंगावरून ठरवू नये. मधल्या भोकातील दाते गाडीच्या दांड्यावरील दात्यांशी जुळतात का, ते पाहावे.

प्लॅस्टिकच्या आत पोलादी कडे असते. त्याचा गंज आधी खरवडावा, मगच भेगांत इपॉक्सी भरावे. वैद्य म्हणून माझी काळजी येथे सुरू होते. घासताना उडणारी पूड दम्याच्या रुग्णास सोसत नाही. म्हणून वॉटरपेपर भिजवूनच वापरावा, वर एन-९५ मास्क. इपॉक्सीने त्वचेवर पुरळ उठू शकतो, तेव्हा हातमोजे हवेतच. संधिवात असलेले माझे डोंबिवलीचे एक रुग्ण हे काम रोज पंधरा मिनिटेच करतात. बोटे आखडली की थांबतात, कुरकुरत का होईना.

चाक बसवून नट आवळणे मात्र मेकॅनिककडे सोपवावे. गाडी रस्त्यावर कोणी न्यायची हा प्रश्न निराळा. त्याआधी आजोबांचे डोळे तपासून घ्या.