रमजानची सुट्टी कुणाच्या हातात?

शाबान लागला की उर्दू शाळेच्या फाटकावर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, रमजान की छुट्टी कब से?" तारखा जणू माझ्या खिशातच आहेत! खरं तर त्या वेळेपर्यंत सगळं ठरून आठ महिने झालेले असतात.

शिक्षण हक्क कायदा, 2009 सुट्टीच्या तारखा सांगत नाही. तो किमान दिवस सांगतो : पहिली ते पाचवी 200, सहावी ते आठवी 220. वर्षाचं वेळापत्रक ठरवायचं काम कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आमच्याकडे जिल्हा परिषदेकडे दिलं आहे. राज्याच्या शिक्षण संचालकांचं परिपत्रक दरवर्षी बजावतं की सगळ्या सुट्ट्या मिळून 76 च्या वर जाऊ नयेत. त्याच परिपत्रकात एक खिडकीही उघडी असते. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुसऱ्या सणाला देता येतात. कोकणातल्या शाळा याच खिडकीतून गणपतीची सुट्टी घेतात आणि उर्दू शाळा रमजानची. म्हणजे ही कुणी केलेली मेहरबानी नव्हे. दिवस आपल्याच दिवाळीतून वळते होतात. शिक्षकांच्या खोलीत कुणी "तुम्हाला काय, महिनाभर मजा" म्हणालं की मी हा हिशेब सांगतो.

अडचण वेगळीच आहे. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, शाळेचं वर्ष मात्र जूनला खिळलेलं. 2005 मध्ये दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती, तेव्हा वळतं करायला काही उरलंच नाही. 2016 चा रमजान नव्या पुस्तकांबरोबर जूनमध्ये आला. 2025 मध्ये पहिला रोजा 2 मार्चला, दहावीची परीक्षा 17 मार्चपर्यंत, ईद 31 ला आणि पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा 8 एप्रिलपासून. अशा वर्षी महिनाभर सुट्टी मागणं म्हणजे उजळणीचे दिवस देऊन टाकणं. माझं मत स्पष्ट आहे : सकाळची शाळा चालवावी, सुट्टी शेवटच्या अशऱ्यात आणि ईदनंतरचे दोन दिवस धरून घ्यावी, उरलेले दिवस दिवाळीतच राहू द्यावेत. एक मूल उर्दू शाळेत आणि दुसरं मराठी शाळेत, अशी कितीतरी घरं आहेत. त्या आईला दोघांना घेऊन माहेरी जायचं तर दोघांची सुट्टी कुठेतरी जुळायला हवी ना!

ईदनंतरचे दोन दिवस मी हट्टाने मागतो, कारण कायद्यातले 200 दिवस शाळेचे आहेत, मुलाचे नव्हेत. बाशी ईदला चाळीसच्या वर्गात बारा मुलं आली तरी कागदावर कामाचा दिवस भरतो. नवा धडा घ्यावा तर अठ्ठावीस जणांसाठी तो परत घ्यावा लागतो. मग गोष्टी सांगायच्या, शिरखुर्म्याच्या गप्पा ऐकायच्या आणि पटावर गैरहजेरी मांडायची. तीच गैरहजेरी पुढे "उर्दू शाळेत उपस्थिती कमी" म्हणून तपासणीच्या शेऱ्यात येते. हा शेरा मी वाचलेला आहे, म्हणून बोचतो.

चंद्रावरून यादी बदलू शकत नाही, हेही खरं नाही. 2024 मध्ये अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला होती. मिरवणुका एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मुस्लिम मंडळींनी ईद-ए-मिलादचा जुलूस 18 ला नेला आणि सरकारने मुंबईची सुट्टी 16 वरून 18 ला सरकवली. वेळेवर सांगितलं, म्हणून झालं.

आपल्या पातळीवर ती वेळ जूनची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. समितीने ठराव केला तर मुख्याध्यापक तो घेऊन वर जाऊ शकतात. शाबानमध्ये मला फाटकावर गाठणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या सभेला नसतात. 2030 मध्ये रमजान दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. डिसेंबरातल्या रमजानचे दिवस कुठून काढायचे, हे त्या वर्षीच्या जूनमध्येच विचारावं लागेल.