शेवटच्या सूचना

उपासनेतला तुम्हांला सर्वांत आवडणारा भाग कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर देताना मी जरा घुटमळतो. उपदेश म्हणावे, तर तो पाळकसाहेबांच्या प्रकृतीवर आणि डोक्यावरच्या पंख्यांच्या आवाजावर अवलंबून असतो. गायन म्हणावे, तर पेटी आणि तबला यांचे सख्य दर रविवारी असतेच असे नाही. खरे सांगायचे तर मला शेवटच्या सूचना आवडतात. दानाच्या थैल्या फिरून आल्या, की आमच्या मंडळीचे चिटणीस चष्मा पुसत पुढे येतात, खिशातून चौघडी कागद काढतात आणि घसा साफ करतात. मागच्या बाकांवर डुलक्या घेणारेसुद्धा तेवढ्याने जागे होतात.

त्या कागदावर काय नसते? मंगळवारी महिला मंडळाची प्रार्थनासभा. येताना बायबल आणि उपासना संगीत दोन्ही आणावीत. गुरुवारी घरोघरची प्रार्थना पदमपुऱ्यात. शनिवारी संडे स्कूलच्या मुलांच्या नाताळच्या नाटिकेची तालीम; मेंढपाळ झालेल्या मुलांनी घोंगडी आपापल्या घरून आणावीत. अमक्याचे तमकीशी लग्न ठरले आहे, ही घोषणा दुसऱ्यांदा. कोणाची हरकत असल्यास कळवावे. हे ऐकताच सगळी मंडळी मान वळवून त्या मुलाकडे पाहते आणि तो बूट न्याहाळू लागतो. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून सांगतो, दीड पानाच्या त्या कागदात जितकी माणसे भेटतात तितकी पाऊण तासाच्या उपदेशात भेटत नाहीत. उपदेशात माणूस असतो. सूचनांत माणसे असतात.

पावसाळा सरला की या कागदाची लांबी वाढू लागते. आधी उपकारस्तुतीचा सण. धान्य, फळे, भाजीपाला शनिवारी दुपारपर्यंत देवळात पोचवावा, आणि जिवंत कोंबड्या पायाला दोरी बांधूनच आणाव्यात. (‘बांधूनच’ या शब्दामागे एक इतिहास आहे. तो मी एखाद्या विनोदी अंकासाठी राखून ठेवला आहे.) वेदीपुढे ज्वारीची कणसे, बाजरीची पायली, जालन्याकडची मोसंबी, गावरान अंडी आणि ऊस यांची आरास होते. उपासनेनंतर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. बाजारात चाळीस रुपयांना न विकणारा भोपळा इथे चारशेला जातो, आणि घेणारा तो परत दान करतो, म्हणजे पुन्हा लिलाव. गेल्या वर्षी एक भोपळा चार वेळा विकला गेला आणि शेवटी त्याची भाजी होऊन मंडळीच्याच पोटात गेली. अर्थशास्त्राचे पुस्तक लिहिणाऱ्याने एकदा तरी हा लिलाव पाहावा.

मग आगमनकाळाचे चार रविवार, कॅरल गाणाऱ्या तरुणांच्या फेऱ्या, देवळाला चुना, कंदील, मुलांना खाऊ आणि नाताळ. आमच्या घराघरांतून डिसेंबरात करंज्या, शंकरपाळी, चकल्या तळल्या जातात. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेले ताट रिकामे परत करायचे नसते. पण भरून द्यायला आमचा फराळ तयार होतो नाताळात. त्यामुळे दोन महिने काकूंची ताटे आमच्या फळीवर नांदतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

इथवर सारे आनंदाचे. सूचनांच्या कागदाची दुसरी बाजू मात्र ‘पाहिजेत’ या शब्दाने सुरू होते. स्वयंसेवक पाहिजेत. चिटणीस कागदावरून नजर काढतात, मंडळीकडे पाहतात आणि थांबतात. ती शांतता मला वर्गातली ओळखीची आहे. ‘फळा कोण पुसेल?’ म्हटल्यावर पन्नास हात वर होतात, आणि ‘सुट्टीनंतर थांबून कोण मदत करील?’ म्हटल्यावर पन्नास मुले वहीत काहीतरी महत्त्वाचे शोधू लागतात. मोठी माणसे याहून फार वेगळी नसतात. शास्त्रपाठ वाचायला हात वर होतात. कॅरलच्या फेरीला तर नको म्हणावे लागते. कबरस्तानातले गवत काढायला दहा जण हवेत म्हटले, की दोघे म्हातारे आणि चर्चचा रखवालदार.

हे गवत म्हणजे गाजरगवत. पावसाने कमरेइतके वाढते, उपटताना हातांना पुरळ उठते, आणि त्याखाली आपल्याच आजी-आजोबांची नावे बुजलेली असतात. पण केवळ आळशीपणाचा ठपका ठेवून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. विळा, घमेले, झाडू हातात घेण्याचा प्रश्न आमच्या समाजात तितका सोपा नाही. ज्यांच्या पणज्यांच्या हाती झाडू जन्माबरोबर देण्यात आला आणि ज्यांनी तो खाली ठेवून पुस्तक हाती घेतले, त्यांच्या नातवाला ‘ये, सेवा कर’ म्हणून पुन्हा झाडू देताना जीभ जपून वापरावी लागते. ज्या गावात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या गावात तर हे कोणी समजावून सांगायला नको. म्हणून कबरस्तानाच्या कामाला पंचांनी आधी स्वतः जावे, असे माझे मत आहे. ते मी बैठकीत मांडले आहे आणि त्याला अजून कोणी अनुमोदन दिलेले नाही.

आता सूचना मोबाइलवरही येतात. शनिवारी रात्री मंडळीच्या गटावर तो कागद येतो आणि त्याखाली अंगठे उमटू लागतात. पूर्वी अंगठा उमटवला म्हणजे माणूस कर्जात अडके; आता अंगठा उमटवला म्हणजे सुटतो. तरीही मोबाइलने सगळे बिघडवले, या रडगाण्यात मी सूर मिसळणार नाही. मध्यरात्री एका बाळंतिणीला रक्त हवे होते, तेव्हा त्याच गटावर दहा मिनिटांत तिघे उभे राहिले. मागणाऱ्याला हा गट फार उपयोगी आहे. प्रश्न न मागणाऱ्यांचा असतो.

छावणीत एका जुन्या खोलीत एक निवृत्त परिचारिका एकट्या राहतात. मंडळीतली निम्मी पोरे त्यांच्या हातावर जन्मली असतील. सगळे त्यांना सिस्टर मावशी म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात तीन रविवार त्यांची बाकावरची जागा रिकामी होती. तापाने अशक्तपणा आला होता एवढेच. चौथ्या आठवड्यात त्या न्हाणीत पडल्या आणि सकाळी दूधवाल्याने दार वाजवले तेव्हा कळले. खुब्याचे हाड मोडले होते. सुदैवाने निभावले. पुढे मी चिटणिसांकडून त्या तीन रविवारांचे कागद मागून घेतले. पहिल्यात सुट्टीतल्या बायबल-शाळेची तयारी होती, दुसऱ्यात पाणपोई होती, आणि तिसऱ्यात वृद्धांसाठी आरोग्य-तपासणीचे शिबिर होते, स्वयंसेवक पाहिजेत. त्या शिबिरासाठी पंधरा नावे आली होती.

सूचना जे व्हायचे आहे ते सांगतात. कोण आले नाही, हे कोणताही कागद सांगत नाही.

हे वाचताना मला माझ्या आईची वही आठवली. आई पुण्याकडच्या मेथडिस्ट घरातली. लग्न होऊन इकडे आली आणि छावणीतल्या मंडळीत मिसळली. आमच्याकडचे जुने काम चर्च मिशनरी सोसायटीचे. पारशाचे ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे वर्षानुवर्षे खपून ते वाढवले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा पंथ एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात आले, पण अमेरिकन परंपरेचे, म्हणजे आईच्या माहेरचे, ऐनवेळी बाहेर राहिले आणि १९८१ पासून त्यांची स्वतंत्र मेथडिस्ट चर्च इन इंडिया आहे. आईला या ठरावांशी कर्तव्य नव्हते. तिच्या वडिलांकडे ‘वर्ग’ असे, म्हणून तिनेही आपल्यापुरता वर्ग केला होता. वहीत बारा घरांची नावे, आणि शनिवारी संध्याकाळी त्यांतल्या तीन-चार घरी चक्कर. हातात कधी लिंबाचे लोणचे, कधी काहीच नाही. तिला कोणी नेमले नव्हते आणि तिने हात वर केला नव्हता.

या वर्गाची कुळकथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्लीच्या अनुयायांनी सभागृह बांधले आणि त्याचे कर्ज डोक्यावर बसले. १७४२ च्या फेब्रुवारीत विचारविनिमय झाला. कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे फॉय नावाच्या कप्तानाने सुचवले. पुष्कळांना एक पेनीही परवडत नाही, असा आक्षेप आला. तेव्हा कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. असे बारा-बारांचे वर्ग पडले. पेनी गोळा करायला गेलेल्या माणसांना घरात काय चालले आहे ते दिसू लागले. कोण आजारी आहे, कोण पितो, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही. कर्ज बाजूला राहिले आणि वर्ग टिकला. वेस्लीने हे आधी ठरवले नव्हते. पुढे त्याने ते ओळखले, यातच त्याचे मोठेपण.

तोच वर्ग १८७१ साली विल्यम टेलरबरोबर मुंबईस आला आणि देवळाच्या आधी लोकांच्या घरांतून भरू लागला. टेलरला येऊन मिळालेल्यांत जॉर्ज बोवेन होता. १८४८ मध्ये मुंबईत उतरलेल्या या अमेरिकनाने वर्षाच्या आतबाहेर मिशनचा पगार सोडला आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत तो याच शहरात अगदी साधेपणाने राहिला. आपल्या नारायण वामन टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, तेव्हा अनेकांना ते वेड वाटले होते. विनावेतन काम करणाऱ्याला स्वयंसेवक हा फार लहान शब्द आहे. पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

तर मी पंचांच्या बैठकीत कप्तान फॉयची गोष्ट सांगितली आणि म्हटले, ‘कोण येणार?’ असे विचारणे काही दिवस थांबवू या. एकेकाला बारा घरांची नावे द्या. एकजण म्हणाले, हे काम पाळकांचे. पाळकसाहेबांकडे शहराखेरीज तीन खेडी आहेत. ते काही बोलले नाहीत, फक्त मोटारसायकलची किल्ली टेबलावर फिरवत राहिले. दुसरे म्हणाले, हल्ली न सांगता दारात आलेले लोकांना खपत नाही. यात तथ्य आहे. तिसरे म्हणाले, वर्गणीला आले असेच लोकांना वाटेल. मी म्हटले, सुरुवात वर्गणीनेच झाली होती. तेवढ्यावर सगळे हसले आणि ठराव निसटता मंजूर झाला.

याद्या घ्यायला कोण पुढे आले, हे पाहून मात्र मी चकित झालो. ज्यांचे हात नेहमी वर असतात त्यांतले थोडेच. एक पंक्चर काढणारा तरुण आला, जो कधी शास्त्रपाठाला उभा राहिला नव्हता, कारण वाचताना अडखळतो. एका शाळेत सेविका असलेल्या बाई आल्या. संडे स्कूलच्या नाटिकेत दरवर्षी उंटाचे मागचे पाय होणारा एक मुलगा आला. तो आता बारावीत आहे.

माझ्या यादीत सिस्टर मावशी आहेत. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा वॉकर धरून दारापर्यंत आल्या.

‘काय मास्तर, प्रार्थना करायला आलास की चौकशीला?’

‘चहाला आलो, मावशी.’

‘मग साखर आणायला हवी होतीस. संपलीय.’

कोपऱ्यावरून साखर आणली. चहा त्यांनीच केला. नाताळात कॅरलची मुले रात्री अकराला कुडकुडत येतात, त्यांचा चहा या वर्षी माझ्याकडे लाव, म्हणाल्या. मी म्हटले, चाळीस पोरे असतात, मावशी. त्या म्हणाल्या, रात्रपाळीला याहून जास्त सांभाळलीत. तू पातेले तेवढे मोठे आण.

अकरा घरे एकदा झाली. बारावे वाळूजला आहे. नवराबायको दोघेही कारखान्यांत, पाळ्या फिरत्या, रविवार हाती लागत नाही. दीड वर्षात कोणी त्यांना देवळात पाहिलेले नाही. यादीत पत्ता अर्धाच आहे, पाण्याच्या टाकीमागची चाळ एवढाच. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले नसतील तर पाडव्याला दुपारची बस धरून जाऊन येईन.