जीवखडा

वडिलांच्या दहाव्याला भोरच्या घाटावर नीरेत जीवखडा सोडला आणि हात एकदम रिता वाटला. आमच्या भोर-वेल्ह्याकडे देवळांपाशी वीरगळ आहेत. त्यांवरचे वीर निदान झुंजताना तरी दिसतात. माझ्या मास्तर वडिलांचा दगड मात्र पाण्यात गेला!

पुढे नागपूरजवळ जुनापाणीला जाणे झाले. माळावर सुमारे ३०० शिलावर्तुळे. सारी लोहयुगातली दफने. जवळच्याच माहुरझरीला डॉ. शां. भा. देवांनी १९७०–७२ मध्ये उत्खनन केले, तेव्हा तांब्याचे अलंकार ल्यालेला घोडाही निघाला. ही माणसे मुळात कुठली, यावर पंडितांचा वाद आहे. नाव एकाचेही उरले नाही.

त्यांनी दगड राखला, नाव गेले. आम्ही दगड सोडला. पण शाळेत रोज सही करताना माझ्या नावापुढे वडिलांचे नाव येतेच.