गुरवार

१९९६ सालच्या आषाढातली गोष्ट. मी तेव्हा पेडणे तालुक्यात नवा मास्तर. मूळचा घाटावरचा, चंदगडकडचा. खिशात मराठीची एम. ए. पदवी आणि तिचा थोडा ताठा. बायको मांद्र्याची. एका बुधवारी शाळा सुटल्यावर सासुरवाडीला गेलो, तर सासूबाई दारातच हसून म्हणाल्या, "ती गुरवार आसा."

चिखलाचे पाय धूत मी उत्तर दिले, "नाही आई, आज बुधवार."

आत हशा पिकला. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "वार न्हय मास्तर, भुरगें!"

कोकणीत गुरुवारला म्हणतात बिरेस्तार, आणि गुरवार म्हणजे गरोदर! बाप होणार असल्याची बातमी मी वहीतली चूक समजून दुरुस्त करायला निघालो होतो.

१९८७ च्या कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. आमच्या घरचा कायदा त्याहून सोपा : माझ्याशी मराठी, चुलीपाशी कोकणी. डोहाळेसुद्धा दुभाषी लागले. श्रावणात मांद्र्याचे आंबाडे हवेत, तर थंडीत माझ्या आईच्या हातचा खर्डा. सातव्या महिन्यात दोन्ही विहिणी जमल्या. माझी आई म्हणे डोहाळजेवण, सासूबाई म्हणत फुलां माळप. एकीचे बोलणे दुसरीला निम्मेच कळे. हसणे मात्र पुरते कळत होते. मी पुस्तके वाचून बायकोला सूचना करी. ती प्रत्येक सूचनेला शुद्ध मराठीत "बरं" म्हणे आणि आईला विचारून हवे तेच करी.

१९९७ च्या मार्चमध्ये एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांच्या गाडीतून म्हापशाला निघालो. शिवोलीचा पूल तेव्हा झाला नव्हता. चोपड्याच्या धक्क्यावर आलो, तर फेरीबोट पलीकडच्या काठाला. कोलवाळला वळसा घालण्याइतका धीर कोणाला नव्हता. अंधारात पाणी तेवढे ऐकू येत होते. मी तिचा हात धरून "थोडं थांब, येईल आता" असे काहीबाही बोलत होतो. ती मला उत्तर देईना. आईच्या मांडीवर डोके ठेवून कोकणीत बोलत होती, भरभर, मला निम्मेही कळेना. नऊ महिने ही बाई माझ्या सोयीच्या भाषेत "बरं" म्हणत आली, आणि भीती वाटते का, हे मी तिला तिच्या भाषेत एकदाही विचारले नव्हते! हे ध्यानात आले आणि पदवीचा ताठा त्या धक्क्यावरच राहिला.

बोट आली. म्हापशाला पोचल्यावर दोन तासांत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढे २००३ मध्ये तिचा पहिलीचा प्रवेशअर्ज भरताना 'मातृभाषा' या रकान्यापाशी लेखणी थबकली. मराठीचा मास्तर मी. सहकारी डोकावून पाहत होते. मी 'कोकणी' लिहिले. मातृभाषा म्हणजे आईची भाषा, एवढे व्याकरण मला चोपड्याला कळले होते.

यंदा श्रावणात त्या मुलीचा पुण्याहून फोन आला. आईशी बरेच बोलून झाल्यावर मला म्हणाली, "बाबा, गुरवार."

या वेळी मी कालनिर्णयाकडे पाहिले नाही. विचारले, "भंय दिसता गो?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग बारीक आवाजात उत्तर आले, "मात्शें."